आधी अडचण, मग अ‍ॅक्सेसरी

नवा कॅमेरा हातात आला की खरेदी संपत नाही, खरी सुरू होते. ट्रायपॉड, फिल्टर, फ्लॅश, बॅग... यादी वाढत जाते आणि पगार आटत जातो. यातलं आधी काय घ्यायचं, नंतर काय घ्यायचं आणि काय सरळ दुकानातच ठेवून यायचं?

कॅमेऱ्याचं बिल बनत असतं, आपण खुशीत असतो आणि काउंटरपलीकडून तो प्रश्न येतोच. ‘मॅडम, किट पण टाकू का? एकवीस आयटम आहेत, कॅमेऱ्यासोबत एकदम स्वस्तात पडेल.’ या किटमध्ये काय नसतं! गुडघ्याएवढा ट्रायपॉड, तीन रंगांचे फिल्टर, लेन्सवर फिरवून बसवायची आणखी एक लेन्स, प्लॅस्टिकचं हूड, ब्रश, पेन, कापड, स्क्रीन गार्ड आणि हे सगळं जिच्यात मावत नाही अशी एक बॅग. किमतीला एकवीसने भागलं की आकडा इतका लहान येतो, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राने असंच किट घेतलं. दीड वर्षानंतर त्यातल्या दोन वस्तू वापरात आहेत, कापड आणि बॅग. बॅगेत तो लॅपटॉपचा चार्जर ठेवतो.

याचा अर्थ अ‍ॅक्सेसरीज म्हणजे नुसता टाइमपास, असं मुळीच नाही बरं का. डिजिटल कॅमेऱ्याचं गाडं जन्मापासूनच जोडवस्तूंवर चाललंय. अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरने डिसेंबर १९७५मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन सुमारे ३.६ किलो, फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्याला १६ बॅटऱ्या लागायच्या, फोटो कॅसेटवर साठायला २३ सेकंद लागायचे आणि तो बघायला वेगळं यंत्र आणि टीव्ही जोडावा लागायचा. म्हणजे बॅटरी, फोटो साठवायची जागा आणि फोटो बघायची सोय, या तीन गरजा पहिल्या दिवसापासूनच्या. रंगीत फिल्टरचं नाव त्यात कुठेच नव्हतं!

आज तर चित्र आणखी स्पष्ट आहे. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांची सीपा नावाची संघटना दरवर्षी आकडे काढते. २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३मध्ये ८० लाखांहूनही कमी. मधली सगळी गर्दी फोनने खाल्ली. म्हणजे आज आपल्या वयाचा जो कोणी वेगळा कॅमेरा घेतो, त्याला फोनच्या पलीकडचं काहीतरी काढायचं असतं. मग त्या ‘काहीतरी’लाच विचारायला हवं, बाबा रे, तुला काय काय लागतं?

दहा बाय बाराची खोली

माझ्यापुढे ते ‘काहीतरी’ २०२५च्या मे महिन्यात आलं. माझं आजोळ गिरगावातलं. लाकडी जिन्याची, सामाईक गॅलरीची तीन मजली चाळ. आजी लग्न होऊन तिथे आली आणि साठ वर्षं तिथेच राहिली. बिल्डरबरोबर करार झाला आणि जुलैअखेर खोल्या रिकाम्या करायच्या असं ठरलं. आनंद सगळ्यांनाच होता, आजीलाही होता. संडास घरात येणार याचं सुख काय असतं, ते साठ वर्षं मजल्याच्या टोकाला जाऊन रांग लावलेल्या बाईलाच विचारा. तरी एक दिवस तिने मला बोलावलं आणि म्हणाली, ‘अगं, तुझ्याकडे तो कॅमेरा आहे ना, मग या खोलीचे फोटो काढ. माझे नकोत, माझे ढीगभर आहेत. खोलीचा एक नाही.’

खरंच नव्हता. आल्बम उघडून बघितले, तर बारशी, मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं. सगळ्यांच्या खांद्यांमागून फडताळाचा एखादा कोपरा नाहीतर मांडणीवरच्या दोन बरण्या डोकावतायत, बस्स. घराचा फोटो म्हणून कोणी काढलाच नव्हता.

माझ्याकडे होता एक सेकंडहँड मिररलेस कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा, त्याच्यासोबत आलेली १६-५० मिलिमीटरची लेन्स, एक कार्ड आणि एक बॅटरी. मामाने दहा हजार रुपये हातावर ठेवले. ‘लागेल ते घे. पण मागाहून फोटो नीट आले नाहीत म्हणून सांगू नकोस. ऑगस्टमध्ये तिथे भिंतच नसणार.’

लग्नाचा फोटो बिघडला तर निदान शालू तरी कपाटात असतो. इथे परत काढायला काहीच उरणार नव्हतं.

म्हणून फोर्टातल्या बोरा बाजारात जाण्याआधी मी एक अख्खा दिवस कॅमेरा घेऊन त्या खोलीत बसले आणि वहीत यादी केली. वस्तूंची नव्हे, अडचणींची. अंधार. फोटो गेले तर? बॅटरी. पाऊस. आणि खिडकीशेजारी बसणाऱ्या माणसाचा अर्धा चेहरा काळा. पाच अडचणी, पाच ओळी. सगळी खरेदी या पाच ओळींमधूनच करायची, हा फंडा पक्का केला.

अंधार आणि तीन पाय

खोलीला एक खिडकी मागच्या गल्लीवर, एक दार गॅलरीत आणि मधे एक ट्यूबलाइट. डोळ्यांना हा उजेड पुरतो, कॅमेऱ्याला पुरत नाही. थोडं गणित सांगते, घाबरू नका. खोली पुढपासून मागपर्यंत स्पष्ट यावी म्हणून मी लेन्सचं छिद्र एफ ५.६वर ठेवलं होतं. कॅमेरा हातात धरून, हात हलणार नाही अशा १/६० सेकंदाला फोटो काढायचा, तर आयएसओ ६४००पर्यंत चढवावा लागत होता. आयएसओ म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा आवाज मोठा करणं. आवाज वाढवला की खरखरही वाढते. फोटोत ती दाणेदार दिसते आणि भिंतीवरचे बारकावे त्या दाण्यांत बुडून जातात.

तोच कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि शटर १ सेकंद उघडं ठेवलं, तर आयएसओ १०० पुरतो. १/६०पासून १ सेकंदापर्यंत जाताना उजेड सहा वेळा दुप्पट होतो आणि ६४००पासून १००पर्यंत येताना आयएसओ सहा वेळा निम्मा होतो. हिशेब बरोबर जुळतो. हजारो रुपयांची नवी लेन्स जे करेल, त्याहून जास्त काम इथे तीन पाय करतात. म्हणून माझ्या बजेटमधला सगळ्यात मोठा घास ट्रायपॉडला दिला.

ट्रायपॉड घेताना खोक्यावरचं वाचू नका, तो उभा करून बघा. मधली दांडी वर न काढता तो तुमच्या डोळ्यांच्या आसपास पोचतो का? ती दांडी वर काढली की ट्रायपॉडचा एकच पाय उरतो आणि सगळं डुलायला लागतं. तो जेवढं वजन पेलतो म्हणून लिहिलंय, ते तुमच्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या दुप्पट तरी हवं. पाय पूर्ण उघडून वरून हाताने दाबा, थोडा पीळ द्या. सांधे सरकले तर नमस्कार करून बाहेर पडा. कॅमेऱ्याखाली लावायची पट्टी आर्का-स्विस पद्धतीची असली तर उत्तम, कारण तशी दुसरी पट्टी सहज मिळते. आणि वजन! तो लोकलमधून न्यायचाय, टेम्पोतून नाही. दीड किलोच्या आत असेल तरच तो घराबाहेर पडेल.

रिमोट मात्र घेतला नाही. बटण दाबताना कॅमेरा हलू नये एवढंच काम असेल, तर कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर ते चकटफू करतो. लेन्समध्ये कंप रोखणारी सोय असेल, तर ट्रायपॉडवर ती बंद करायची की नाही हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघा. बऱ्याच लेन्सच्या बाबतीत बंद करा असंच लिहिलेलं असतं.

चाळीने मात्र एक धडा दिला, जो कुठल्या पुस्तिकेत नव्हता. जमीन लाकडी. गॅलरीतून कोणी भरभर गेलं, की खोलीतला ट्रायपॉडही थरथरतो. मग काय, जिन्यावरची पावलं संपेपर्यंत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. शेजारच्या काकूंना दोनच दिवसांत हे कळलं. त्या दारापाशी येऊन विचारायच्या, ‘जाऊ का गं, की तुझं चाललंय?’

फोटो राहतो कुठे?

नवशिक्यांची यादी लेन्सपासून सुरू होते. माझं म्हणणं, ती कार्डापासून सुरू करा. माझी मावसबहीण दोन वर्षांपूर्वी लडाखला गेली होती. दहा दिवसांचे सगळे फोटो एका मोठ्या कार्डावर. परतल्यावर कार्ड उघडेना. पँगाँगचं निळं पाणी आता तिच्या आठवणीत आहे आणि ज्या दोघा-तिघांनी फोनवर टिपलं त्यांच्याकडे.

म्हणून एका १२८ जीबीपेक्षा ६४-६४ जीबीची दोन कार्डं बरी. माझ्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काही काटछाट न केलेली फाइल, साधारण २५ एमबीची होते. म्हणजे ६४ जीबीत अडीच हजारांच्या आसपास फोटो मावतात. नवशिक्याला आणखी किती हवेत?

कार्डावर बरेच आकडे छापलेले असतात आणि सगळ्यात ठळक आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून लॅपटॉपवर फोटो उतरवण्याचा. आपल्याला हवा तो लिहिण्याचा वेग आणि तो छोट्या खुणांमध्ये दडलेला असतो. गोलात १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. इंग्रजी यू अक्षरात ३ किंवा व्ही ३० म्हणजे किमान ३० एमबी. फोटोंना आणि घरगुती व्हिडिओला व्ही ३० भरपूर झालं. व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये लिहितात आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये, तिथे गडबडू नका. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे फक्त साडेबारा मेगाबाइट. व्ही ९०चं महागडं कार्ड त्यासाठी घेणं म्हणजे दूध आणायला ट्रक नेणं.

नकली कार्डं बाजारात आहेत, त्यामुळे बिल घ्या आणि घरी आल्यावर कार्ड एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइल उघडतात का ते तपासा. आधीचे फोटो नीट उतरवून झाले की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. नवीन फोटो जुन्याच्या जागेवर बसला नाही, तर ते परत मिळण्याची बऱ्यापैकी आशा असते.

आणि बॅकअप. अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम पाठ करून टाका. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. मी रोज रात्री फोटो लॅपटॉपवर उतरवायचे, मग घरात पडून असलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर आणि निवडक फोटो क्लाउडवर. दर रविवारी डिस्क डोंबिवलीला मामाकडे जायची. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, म्हणजे नाही. यासाठी एक बरा कार्ड रीडर विकत घेतला. दिसायला कंटाळवाणी वस्तू आहे, पण केबल शोधण्यातली अर्धी रात्र वाचवते.

एक प्लग, चार गिऱ्हाइकं

मिररलेस कॅमेऱ्याचा स्क्रीन सतत चालू, त्यामुळे तो बॅटरी चाखतमाखत नाही, गटागटा पितो. पुस्तिकेत लिहिलेला फोटोंचा आकडा सीपाच्या ठरावीक चाचणीतला असतो. तुम्ही स्क्रीनवर फोटो बघत बसलात, वायफाय चालू ठेवलंत, तर तो बदलतो. आजीच्या खोलीत हाताशी येणारा प्लग एकच, त्यावर मिक्सर, मोबाइल, देवापुढची दिव्यांची माळ आणि माझा चार्जर अशी चार गिऱ्हाइकं. मिक्सरचा नंबर नेहमी पहिला. दुसरी बॅटरी घेतली आणि भांडण मिटलं.

कंपनीची बॅटरी महाग असते. दुसऱ्या चांगल्या ब्रँडची चालते, पण निनावी स्वस्तातली नको. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात अडकली, तर वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात. जादा बॅटरीच्या टोकांवर तिची प्लॅस्टिकची टोपी लावून ठेवा. खिशातली चिल्लर आणि किल्ल्या टोकांना लागल्या तर शॉर्ट होऊ शकतं. विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही. साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची असते. ७.२ व्होल्ट आणि १०२० मिलिअँपिअर-अवरची कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम सव्वासात वॉट-अवर भरते, त्यामुळे ती काळजी नको.

पाऊस, ओल आणि बुरशी

मुंबईकर, ठाणेकर, कोकणातले आणि गोव्यातले वाचक, हा भाग दोनदा वाचा. लेन्सला बुरशी लागते. पापडाला लागते तशीच. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. कॅमेऱ्याची बॅग बंद करून कपाटात ठेवणं, म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं.

उपाय सोपा आहे. रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल मोजणारा एक छोटा मीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिली की झालं. नारिंगी दाण्यांचं जेल ओल पिऊन हिरवं पडतं. मग ते तापवून वाळवायचं आणि पुन्हा वापरायचं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. त्याची पूड सगळीकडे शिरते.

साफसफाईचाही क्रम असतो. आधी रबरी ब्लोअरने हवा मारून धूळ उडवायची, मग मऊ ब्रश आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. धुळीसकट कापड फिरवलं, तर ते पॉलिश पेपरचं काम करतं. टी-शर्टचं टोक आणि तोंडाने फू, या दोन्ही सवयी सोडा. फू बरोबर थुंकीही जाते. आणि ऑफिसच्या एसीतून थेट दमट रस्त्यावर कॅमेरा काढलात, तर लेन्सवर बाष्प धरतं. बंद बॅगेतच त्याला थोडा वेळ बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या.

खिडकी आणि माउंट बोर्ड

आजी ‘माझे नकोत’ म्हणाली होती, पण घर म्हणजे ती खिडकीशी बसून भाजी निवडते ती जागासुद्धा. तिथे एका गालावर ऊन आणि दुसरा गाल काळोखात. पहिला विचार फ्लॅशचा येतो. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की चेहरा सपाट आणि मागे काळी सावली, म्हणून जाणकार तो छतावर मारून परतवतात. पण हे जमतं पांढऱ्या छताखाली. परतलेला उजेड छताचा रंग घेऊन येतो आणि आजीच्या खोलीचं छत हिरव्या तेलरंगातल्या फळ्यांचं. सगळं खानदान हिरवं दिसलं असतं! फ्लॅश यादीतून बाद.

त्याऐवजी स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या माउंट बोर्डाचे दोन मोठे कागद आणले. खिडकीच्या विरुद्ध बाजूला माझ्या मामेभावाने एक कागद धरला आणि काळोखातला गाल हळूच उजळला. कागद जवळ आणला की जास्त, लांब नेला की कमी. आजी म्हणाली, ‘एवढ्याशा कागदाने काय होतंय?’ मी तिला स्क्रीनवर आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला. तिने पदराने स्क्रीन पुसून पुन्हा बघितलं.

माणसांसाठी ट्रायपॉडचा उपयोग नव्हता, कारण एका सेकंदात माणूस हलतो. तिथे हवी होती जास्त उजेड घेणारी लेन्स. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स माझ्या झूमपेक्षा त्याच टोकाला जवळजवळ दहापट उजेड घेते. ती मी दोन दिवस भाड्याने आणली. ओळखपत्र आणि डिपॉझिट दिलं की मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळते. महागडी कुठलीही वस्तू आधी भाड्याने वापरून बघा. दोन दिवसांत कळतं, की ती आपल्याला हवीय की नुसती आवडलीय.

जे दुकानातच राहिलं

यूव्ही फिल्टर घेतला नाही. फिल्मच्या काळात तो धूसरपणा कमी करायचा. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. लेन्सच्या रक्षणासाठी म्हणाल, तर समुद्राची फवार आणि उडती वाळू सोडून इतर वेळी हूड जास्त कामाचं. ते धक्काही झेलतं आणि तिरपं ऊनही अडवतं. स्वस्त फिल्टर लावून रात्री दिव्यांचे फोटो काढले, की दिव्यांची भुतं मात्र फुकट मिळतात.

पोलरायझर चांगली वस्तू आहे. पाण्यावरची, काचेवरची, ओल्या पानांवरची चमक तो कापतो आणि पावसाळी घाटातला हिरवा रंग खुलवतो. पण तो उजेडही खातो. आधीच अंधारलेल्या खोलीत त्याचं काय काम? घाटात जाईन तेव्हा घेईन. घेताना लेन्सवर किंवा तिच्या झाकणामागे लिहिलेला व्यास बघायचा, ४९, ५२, ५८ जो असेल तो. कॅमेऱ्याची खास बॅगही घेतली नाही. ऑफिसच्या सॅकमध्ये ठेवायचा गादीचा कप्पा वेगळा मिळतो. चोरालाही तो डब्याचा कप्पा वाटतो, हा जादा फायदा.

फोनवरच खूश असाल, तरी हाच हिशेब. फोनचा नाइट मोड एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतो, त्यामुळे फोन स्थिर असेल तर निकाल सुधारतो. फोन धरणारा चिमटा, छोटा स्टँड, पॉवर बँक आणि लेन्स पुसायला कापड. एवढ्यात तुमचं किट पूर्ण.

शेवटी बिल

ट्रायपॉड ४,२००. दुसरी बॅटरी १,६००. दुसरं कार्ड १,१००. डबा, सिलिका जेल आणि मीटर ७५०. कार्ड रीडर ७००. ब्लोअर आणि कापड ४५०. माउंट बोर्ड १६०. एकूण ८,९६० रुपये. लेन्सचं भाडं माझ्या खिशातून. तुमची यादी वेगळी असेल. ट्रेकवाल्याच्या वहीत वजन पहिलं येईल, बाळाचे फोटो काढणाऱ्या आईच्या वहीत वेग आणि खाण्याचे फोटो काढणाऱ्याच्या वहीत उजेड. फक्त आधी एक दिवस कॅमेरा घेऊन त्या जागी बसा आणि अडचणी लिहून काढा. दुकान कुठे पळून जात नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात खोली रिकामी झाली. मामाचे १,०४० रुपये उरले होते, त्यातून आठ बाय बारा इंचाचे बारा प्रिंट काढले. खरं तर फोटोग्राफीतली सगळ्यात दुर्लक्षित अ‍ॅक्सेसरी हीच. फोटो हातात धरता येतो, वीज नसली तरी दिसतो आणि त्याला पासवर्ड लागत नाही.

आजी आता भाड्याच्या घरात राहते. प्रिंट तिच्या उशाशी असतात. आलेल्या-गेलेल्याला ती पहिला दाखवते तो खिडकीतला स्वतःचा फोटो नाही, दाराशेजारच्या कोऱ्या भिंतीचा. तिथे जमिनीपासून साडेपाच फुटांवर एक गंजलेला खिळा आहे. आयएसओ १०० आणि १ सेकंद, त्यामुळे त्याचं वाकलेलं टोकसुद्धा स्पष्ट दिसतं. ती त्यावर बोट ठेवते आणि सांगते, ‘हा बघा. ह्यांची टोपी असायची इथे.’